सगळ्यांचं झाल्याशिवाय बाहेर नाही

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून ठेवते. मी मखमलाबादकडच्या मळ्यातली. आमच्याकडे झेंडू असतो, मेथी-कोथिंबीर असते, आणि ज्याच्या सरीत गवत दिसेल त्याचा सकाळी सकाळी उद्धार असतो. ज्याचं काम त्यानं करायचं, दुसऱ्याच्या सरीत नाक खुपसायचं नाही, ही वडिलांची शिकवण. ती पदरात बांधून मी शिक्षिका झाले आणि पेठच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत हजर झाले. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते पाचवी. मुलं सगळी कोकणा घरांतली. मुख्याध्यापक गुरुजीही त्याच भागातले, निवृत्तीला टेकलेले आणि कशानेच न चिडणारे. म्हणजे चिडण्याचं सगळं काम माझ्याच वाट्याला!

पहिल्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकलं आणि बघतच राहिले. पटावर सव्वीस मुलं, वर्गात तेहतीस. जास्तीची सात कुठून आली म्हणाल, तर कडेवरून. कोणाच्या कडेवर भाऊ, कोणाच्या कडेवर बहीण. एक रांगत होतं, एक खडू खात होतं, आणि पाचवीतल्या एका मुलीची दीड वर्षाची बहीण थेट माझ्या खुर्चीत बसून माझी हजेरी चघळत होती.

"ही शाळा आहे का पाळणाघर?" मी ओरडले. "उद्यापासून एकही बारकं इथं दिसता कामा नये!"

दुसऱ्या दिवशी एकही बारकं दिसलं नाही. त्यांच्याबरोबर आठ मोठीही दिसली नाहीत. मी गुरुजींकडे तणतणत गेले तर ते म्हणाले, "म्याडम, तुमचं डोकं म्हणजे कुकर. शिट्टी झाली ना? आता जरा खाली उतरवून ठेवा."

खरं तर बारक्यांपेक्षा मोठं दुखणं वेगळंच होतं. ही मुलं उत्तरच द्यायची नाहीत. "कोणाला येतं, हात वर करा," म्हटलं की सगळे हात खाली. एकीला उभं करून "सात आठे?" विचारलं की ती गप्प, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या चौघांचे ओठ हलायला लागायचे. पाटीवर गणित घातलं तर एकाची पाटी दुसऱ्याच्या मांडीवर. मी मग दप्तरांच्या भिंती उभ्या केल्या, प्रत्येकाला कोपऱ्यात कोंडलं. परिणाम काय, तर सव्वीस कोऱ्या पाट्या. घरी वडिलांना फोनवर सांगितलं, "ही पोरं डोंगराएवढी मठ्ठ आहेत हो." आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पावसात नागलीची आवणी सुरू झाली, म्हणजे रोपं उपटून शेतात लावायचं काम, आणि शाळा अर्धी ओस पडली. गुरुजी म्हणाले, "चला, मुलं शाळेत येत नाहीत ना, शाळाच त्यांच्याकडे नेऊ." मी साडीचा ओचा खोचून, छत्री सावरत, दोनदा घसरून, एकदा पूर्ण आपटून त्या उतारावर पोचले. मला पडलेली बघून सगळं शेत खळखळून हसलं. त्यात पाचवीतली ती मुलगीही होती, हजेरी चघळणाऱ्या बहिणीला पाठीशी बांधून ती रोपं लावत होती. काय तो हात! मळ्यातली मी, पण मला तो वेग जमला नसता.

तिच्या घरच्यांचं शेत लावून झालं. मला वाटलं, आता ही मंडळी बांधावर बसतील, बिडीकाडी होईल. कसचं काय! सगळेच्या सगळे शेजारच्या म्हातारीच्या शेतात उतरले. बोलावणं नाही, विचारणं नाही.

"अगं, तुमचं झालं ना? मग घरी का नाही गेलीस?" मी तिला विचारलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू पाणी का पिता असं मी विचारलंय. "हिचा राहिला ना, बाई," ती म्हणाली.

गुरुजींनी मग सांगितलं, "ह्याला सावड म्हणतात, म्याडम. आज आम्ही तुमच्याकडे, उद्या तुम्ही आमच्याकडे. सगळ्यांचं लागल्याशिवाय कोणी बांधावर बसत नाही. एकट्यानं पुढे जाऊन बसणं म्हणजे लाजच."

चिखलात उभ्या उभ्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी ह्या पोरांना शाळा उघडल्यापासून काय सांगत होते? एकट्यानं पुढे जा, हात वर कर, मला येतं म्हण. म्हणजे बांधावर जाऊन बस! ती बिचारी लाजेनं गप्प बसत होती आणि मी त्यांना मठ्ठ म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मी दप्तरांच्या भिंती पाडल्या. फळ्यावर मोठ्या अक्षरात एकच नियम लिहिला: सगळ्यांचं झाल्याशिवाय बाहेर नाही. ज्याचं गणित झालं त्यानं ज्याचं राहिलं त्याच्याजवळ जायचं. आणि हो, बारक्यांनाही परवानगी.

बाई गं, काय गोंधळ उडाला तो! पहिल्या आठवड्यात माझं डोकं फुटायची वेळ आली. सव्वीस तोंडं एकदम, त्यात सात बारक्यांची रड. पण कान देऊन ऐकलं तर त्या गोंधळात शाळा चालू होती. बेरजेतला हातचा मी महिनाभर शिकवला होता, घशाला कोरड पडेपर्यंत. त्या पाचवीतलीनं दुसरीच्या पोरांना तो त्यांच्या बोलीत तीन मिनिटांत शिकवला. दहा झाले की टोपली भरली. भरलेली टोपली घरात ठेवायची नाही, शेजारच्या घरी द्यायची. संपलं! मी वहीत तिची टोपली लिहून घेतली आणि पुढच्या वर्षांना तीच शिकवली. माझ्या पदविकेत नव्हती ती.

दिवाळीपर्यंत पहिलीतली मुलं धडा वाचायला लागली. मी आनंदानं इतकी वेडी झाले होते, की एस.टी.च्या कंडक्टरला थांबवून सांगायची, "अहो, आमची पहिली वाचते!" तो म्हणायचा, "बाई, आधी तिकीट घ्या." केंद्रप्रमुख तपासणीला आले तेव्हा मी कडेवर एक बारकं घेऊन फळ्यावर लिहीत होते. त्यांनी भुवया उंचावल्या. मग एका मुलाला प्रश्न विचारला, उत्तर आलं, दुसऱ्याला विचारला, उत्तर आलं. तिसऱ्याला विचारलं तर त्याला येईना, आणि सगळा वर्ग उठून त्याच्याभोवती जमला. साहेबांनी भुवया खाली घेतल्या आणि चहा मागवला.

आता त्या पाचवीतलीचं सांगते, कारण खरं सगळं तिचंच आहे. आमची शाळा पाचवीला संपायची. पुढची शाळा घाटाखाली, जायला-यायला सगळा दिवस मोडायचा. पाचवी झालेल्या मुली घरी बसायच्या, नाहीतर आईबापाबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जायच्या. हिलाही तेच होतं. आईनं मला सरळ सांगितलं होतं, "बाई, हिला शिकायचा हाय. पण कुठं?" नाशिकजवळ आदिवासी मुलांसाठी एक निवासी शाळा होती, सहावीपासून बारावीपर्यंत, प्रवेश परीक्षेवर. मी फॉर्म भरला. ती पास झाली तर शिकणार, नाही झाली तर द्राक्षबाग. एवढं साधं होतं ते, आणि त्या एवढ्याशानं माझी झोप उडाली होती.

मी तिची तयारी करून घेतली ती कशी? काळ्या पेननं उत्तरपत्रिकेवरचे गोळे भरायचे, गोळ्याबाहेर शाई जाऊ द्यायची नाही. नंबर पाठ करायचा. लघवीला लागली तर हात वर करायचा, लाजायचं नाही. कोणी रागावलं तरी रडायचं नाही. शहरातल्या परीक्षेचं मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे मला तसं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी जीप शाळेसमोर आली आणि माझं डोकं पुन्हा तापलं. परीक्षा एकीची, आणि जीपमध्ये अकरा माणसं! आई, बाप, दोन काकू, आजी, मामा, कोण कोण, आणि ती बारकी हजेरीखाऊ.

"एवढे सगळे कशाला?" मी म्हटलं.

"पोर एकटी कशी जाईल?" आजी म्हणाली. झालं! जीप निघाली. सावळघाटात हजेरीखाऊ माझ्या नव्या साडीवर ओकली आणि सगळ्यांनी मिळून मला पुसून काढलं.

परीक्षा अकराला होती. मी घाबरट असल्यामुळे सगळ्यांना पहाटेच निघायला लावलं होतं, त्यामुळे आम्ही साडेसातला माझ्या माहेरी मळ्यात. आई चहा टाकायला आत गेली, मी साडी बदलायला. बाहेर येऊन बघते तर काय, सगळी वरात झेंडूच्या सऱ्यांत! वडिलांची तोडणी अर्धी राहिली होती, ती ह्यांच्या नजरेला पडली. माझे वडील, दुसऱ्याच्या सरीत नाक खुपसायचं नाही म्हणणारे, बांधावर हात लोंबकळत सोडून उभे होते.

"अगं, ह्यांना कोणी सांगितलं?" त्यांनी मला कुजबुजत विचारलं.

"कोणी नाही, दादा. तुमचं राहिलं होतं म्हणून."

अर्ध्या तासात तोडणी उरकली. वडिलांनी सगळ्या बायकांना ओंजळभर फुलं दिली आणि त्यांनी ती केसांत माळली. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका शाळेत परीक्षा होती, तिथं फाटकाशी आम्ही उतरलो ते असे, पिवळ्याधमक डोक्यांची मिरवणूक. बाकीचे पालक वळून वळून बघत होते. मला एरवी लाज वाटली असती, पण त्या दिवशी मी छाती काढून चालले.

ती आत गेली. आम्ही फाटकाबाहेर बसलो. आजीनं नागलीची भाकर सोडली. तास-दीड तास झाला असेल, तेवढ्यात शिपाई धावत आला आणि तिचा नंबर पुकारला. "हिच्याबरोबर कोण आहे? लवकर आत या!" मी धावतच आत गेले.

व्हरांड्यात ती उभी होती, शांत. शेजारी एक अनोळखी मुलगी रडून रडून लाल झालेली. आणि लाल झालेले एक पर्यवेक्षक सरही.

"तुमच्या मुलीनं हद्द केली," ते म्हणाले. "स्वतःचा पेपर संपवला आणि उठून सरळ हिच्या बाकावर जाऊन बसली! भर परीक्षेत! वर म्हणते, थांबा सर, हिचं होऊ द्या."

मी तिच्यावरच कडाडले. "अगं बये, काय केलंस हे?"

तिला माझा राग कळेचना. "बाई, तिचे गोळे एक ओळ खाली सरकलेले. सगळेच चुकले असते. ती रडत होती. माझा झाला होता, तिचा राहिला होता." आणि मग माझ्याकडे बघून, मला खात्री पटावी म्हणून, तिनं हळूच विचारलं, "सगळ्यांचा झाल्याशिवाय बाहेर जायचा नाही ना?"

माझंच वाक्य. माझ्याच फळ्यावरचं. मी तिला पेनचा रंग सांगितला, लघवीचं सांगितलं, आणि हे एक सांगायचं राहिलं, की शहरात आपलं झालं की गप्प बसायचं असतं. शेजारचा रडत असला तरी. सांगायचं सुचलंच नाही, कारण तोवर मीही ते विसरले होते.

मग मी हातापाया पडले. मी, जिनं कधी कोणापुढे मान खाली घातली नाही! त्या परीक्षा केंद्राच्या मुख्य बाई चांगल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "दुसरीनं काही मागितलं नव्हतं. तिला नवा कागद देते, वेगळ्या खोलीत बसवते. हिचं मात्र मला लिहून कळवावं लागेल. वरून काय ठरेल ते ठरेल. नियम आहे, बाई." भांडायला मला जागाच राहिली नाही.

आमची मुलगी दुसरीचा पेपर होईपर्यंत व्हरांड्यातून हलली नाही. दुसरी बाहेर आल्यावर दोघी पायरीवर बसून भाकर खात होत्या. नाव, गाव, आईचं माहेर, सगळं विचारून झालं. ती सुरगाण्याकडची होती.

निकाल जूनमध्ये लागला. पाड्यावर रेंज एकाच ठिकाणी मिळते, शाळेमागच्या खडकावर. मी, गुरुजी, ती, तिची आई आणि झाडून सगळी शाळा त्या खडकावर चढलो. यादी उघडता उघडेना. मी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. तिचं नाव नव्हतं. तळाशी नुसता तिचा नंबर होता, आणि त्यापुढे 'रद्द'.

मी त्या खडकावर बसून भोकाड पसरलं. राग, लाज, सगळं एकदम. तिनं माझ्या खांद्याला हात लावला.

"बाई, ती हाय का?"

"कोण ती?"

"सुरगाण्याची."

मी डोळे पुसून पुन्हा यादी बघितली. होती. सहावं नाव.

"झाला!" ती किंचाळली. "तिचा झाला!" आणि ती त्या खडकावर नाचायला लागली. खरंच नाचायला लागली हो, बहिणीला कडेवर घेऊन, गोल गोल. मग पोरंही नाचायला लागली. कशासाठी ते अर्ध्यांना माहीतही नव्हतं. मी रडत होते आणि हसत होते आणि गुरुजी ओरडत होते, "अरे, खाली पडाल मेल्यांनो!" तिची आई तेवढी पदर तोंडाला लावून खाली द्राक्षांच्या वाटेकडे बघत होती. ते मी पाहिलं.

पंधरा दिवसांनी भर वर्गात एक कोंबडी शिरली. तिच्यामागे एक माणूस आणि त्याची बायको. कोंबडी त्यांच्याच हातून सुटली होती. ती पकडायला सगळा वर्ग धावला, फळा पडला, खडू सांडले, हजेरीखाऊ टाळ्या पिटत होती. कोंबडी सापडल्यावर तो माणूस धापा टाकत म्हणाला, "गोळे दाखवले ती पोर कुठली?"

तो त्या सुरगाण्याच्या मुलीचा बाप होता. बाजारात विचारत विचारत, दोन एस.ट्या बदलून आणि उरलेलं चालत आला होता. आमच्या मुलीच्या आईबापांना बोलावलं. व्हरांड्यात सगळे बसले. त्यानं कोंबडी पुढे ठेवली आणि म्हणाला, "तुमच्या पोरीनं आमच्या पोरीची ओळ लावली. आता आमची पाळी. आमच्या गावात शाळा हाय, दहावीपर्यंत. आमची पोर नाशिकला जाईल. तिचा ताट रिकामा, जागा रिकामी. ही आमच्याकडं राहील, शिकेल."

मी मध्ये तोंड घातलंच. "अहो, ओळख ना पाळख, असं कसं?"

गुरुजींनी मला हातानं गप्प केलं. तासाभरात त्या दोन बायकांचं कोणा मामीच्या बहिणीवरून नातंही निघालं. आमच्या मुलीच्या आईनं एकच प्रश्न विचारला, "पोरीला कामाला नाही ना लावणार?" ती बाई म्हणाली, "माझ्या पोरीला लावला का?" संपलं. एवढ्या मोठ्या नियमाला जे जमलं नाही ते एका कोंबडीच्या साक्षीनं जमलं. मी शाळा सोडल्याचा दाखला लिहायला बसले. 'कारण' ह्या रकान्यात 'पुढील शिक्षण' लिहिलं. गुरुजी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "सावड लिहा की." हसता हसता शाई सांडली आणि दाखला पुन्हा लिहावा लागला.

ती यंदा दहावीला आहे, सुरगाण्यातच. सुट्टीत दोघी मैत्रिणी आळीपाळीनं एकमेकींच्या घरी असतात. ती गेल्यावर तिच्या बहिणीला रोज कोणी ना कोणी कडेवर घेऊन शाळेत आणत राहिलं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता ती हजेरीखाऊ स्वतः पहिलीत आहे, आणि बोलायला भलतीच फटकळ.

परवा यंदाच्या पाचवीतल्या तिघांची परीक्षेची तयारी घेत होते. काळं पेन, नंबर, लघवी, सगळं सांगितलं. मग ते सांगितलं, जे मी आता दर वर्षी सांगते आणि सांगताना जमिनीकडे बघते: "आपला पेपर झाला की हात मांडीवर घेऊन गप्प बसायचं. शेजारच्याचं राहिलं तरी उठायचं नाही."

पहिलीच्या ओळीतून ती हजेरीखाऊ उभी राहिली. "का?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. फळ्याच्या वर अजून तोच नियम लिहिलेला आहे, दर वर्षी मी तो खडूनं गिरवते.

"नाशिकला तशी पद्धत आहे, बाई," मी म्हटलं.

तिला आमची दया आली असावी. "बरा," ती म्हणाली, आणि शेजारचीचं राहिलं होतं म्हणून तिच्या पाटीकडे सरकली.